चौथा कोट

१

कपाटात कोट चार असायला हवे होते. होते तीन.

कपडेपटाच्या मास्तरांनी पुन्हा मोजले. हँगर मागेपुढे सरकवले, कपाटाखाली काठी फिरवून पाहिली. आता कोट म्हणजे काय उंदीर आहे काठीला घाबरून बाहेर यायला? पण माणूस गांगरला की असंच करतो. शेवटी म्हातारा इस्त्रीच्या टेबलाला धरून मटकन खाली बसला आणि "अरे देवा, अरे देवा" करायला लागला. ते ऐकून पलीकडच्या खोलीतून घारबाई धावत आली.

घारबाई हे काही तिचं नाव नव्हे. सिनेमात एक काम असतं. या दृश्यात माणूस जसा दिसला, तसाच तो पुढच्या दृश्यात दिसतोय ना, हे बघायचं. डाव्या गालावरची जखम उजवीकडे गेली नाही ना, अर्धा पेला मधेच आपोआप भरला नाही ना. ही उठाठेव ती इतकी वर्षं करत होती, की तिच्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटत नसे. म्हणून युनिटनं तिचं बारसं करून टाकलं होतं. तिला ते नाव आवडायचं, पण तसं दाखवेल तर ती घारबाई कसली!

"कुठला गेला?" तिनं विचारलं.

"खरा," मास्तर म्हणाले. "नेमका खराच गेला हो! तिन्ही नकला जागच्या जागी."

हा खरा कोट काय प्रकरण होतं, ते आधी सांगायला हवं. सिनेमा घडलेल्या गोष्टीवर होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी दोन माणसं डोंगरावरच्या जंगलात वाट चुकली. बर्फ पडायला लागला, आणि खाली उतरला तो एकच. मेला तो दाजी, आणि वाचला तो त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. दाजीची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. ती मोठी झाली, लेखिका झाली आणि तिनं वडिलांवर हा सिनेमा लिहिला. वाचलेल्या माणसाला ती मामा म्हणायची, म्हणून तो सगळ्या युनिटचा मामा झाला आणि सल्ला द्यायला रोज सेटवर येऊ लागला. तिची आई सगळ्यांची काकू झाली.

दाजीचं प्रेत काही खाली आलं नाही. मामा सापडला तेव्हा त्याच्या अंगात दाजीचा कोट होता, तेवढा आला. काकूंनी तो कपाटात जपून ठेवला होता. सिनेमासाठी दिला, पण देताना बजावलं, "हा माझ्या हातात परत आला पाहिजे. त्याचं दुसरं काही माझ्याकडे नाही."

आणि आता तोच गेला होता.

मॅनेजर आला आणि त्यानं पहिल्याच वाक्यात निकाल लावला. "कुलूप फुटलेलं नाही, किल्ली तुमच्या कमरेला. मग काय कोट पाय फुटून गेला? उद्या सकाळी दाजीच्या मरणाचा शॉट आहे मास्तर. तोवर कोट आला नाही, तर तुम्ही चोर म्हणून बाहेर. मग बघू तुम्हाला कुठला स्टुडिओ उभा करतो ते."

लेखिका दारातच उभी होती. तिचा चेहरा उतरला. "आईला मी काय सांगू?" एवढंच ती म्हणाली.

घारबाईच्या डोक्यात तिडीक गेली. मास्तर आणि चोर? दुसऱ्याची सुई चुकून बोटात अडकून आली, तर ती परत द्यायला दोन जिने चढणारा माणूस तो! ती मॅनेजरला चार शब्द सुनावणार, इतक्यात मागच्या दारावरचा चौकीदार गर्दीतून पुढे आला. त्याचे ओठ सुकले होते.

"उगाच म्हाताऱ्याच्या मागे लागलाय," तो म्हणाला. "कोट चोरीला गेलेलाच नाही. ज्याचा होता, तो येऊन घेऊन गेला. मी पाहिलं त्याला."

२

घारबाईनं चौकीदाराला बाजूला घेतलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "हं, बोला. न घाबरता बोला."

"जेवणाची सुट्टी होती. मी स्टुलावर बसलो होतो. तो माझ्यासमोरून मागच्या दारानं बाहेर गेला. अंगात कोट, कानटोपी पार मानेपर्यंत ओढलेली. पाठ तेवढी दिसली मला, पाठीवर ती मोठी शिवण. हळूहळू चालला होता, दमल्यासारखा. मी हाक मारली. थांबला, पण वळला नाही. मग गेला."

"अहो, नट असेल! दाजीचं काम करतो तो."

"नट त्या वेळी मेकअपच्या खुर्चीत होता. दाढी चिकटवताना बोंबलत होता, सगळ्या इमारतीला ऐकू जात होतं."

"पायात काय होतं त्या माणसाच्या?"

"पाय?" चौकीदारानं पेला खाली ठेवला. "बाई, त्याचे पाय सुलटे आहेत का उलटे, हे बघायची माझी छाती नव्हती."

सांगोवांगी गोष्ट चहाच्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. थोड्या वेळात प्रकाशयोजनेची पोरं कपडेपटावरून जायचंही टाळू लागली. तसाही त्या सेटवर पहिल्या दिवसापासून कोणाचा जीव रमत नव्हता. आत भलामोठा बर्फाचा कडा उभा केलेला, त्यावर कागदाचे कपटे आणि मीठ. पंखा बंद असतानाही ते कपटे मधूनच हलत. वारा कुठून येतो, ते कोणालाच सापडलं नव्हतं.

नट अजून खुर्चीतच होता. अर्धी दाढी लागली होती.

"तुम्हाला खरा कोट कळतो?" घारबाईनं विचारलं.

"डोळे मिटून. घातला की पाठीत टोचतो तो. आतून गाठी आहेत ना शिवणीच्या. नकलांमधल्या गाठी मास्तरांनी माझ्यासाठी घासून टाकल्यात, खऱ्याला कोण हात लावणार?" त्यानं आवाज खाली आणला. "एक सांगू? हसू नका. तालमीत तो कोट घालून मेल्यासारखा पडलो, की त्या गाठी टोचतात आणि वाटतं, कोणीतरी मागून सांगतंय, मरू नकोस, अजून वेळ आहे."

घारबाई हसली नाही.

दिग्दर्शकाकडे जाण्यात अर्थ नव्हता. चारही कोट एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. कॉलरला मास्तर रंगीत चिंध्या बांधायचे म्हणून ओळखू यायचे. चिंध्या काढल्या की हा गृहस्थ हटकून नकली कोटावर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "वा! अस्सल ते अस्सलच!" आणि आज सकाळीच फोटोसाठी सगळ्या चिंध्या काढलेल्या होत्या. म्हणजे ज्यानं कोट नेला, त्याला चारातला खरा कोट चिंधीवाचून, नुसत्या हातानं कळला.

"तुला कळला असता?" तिनं लेखिकेला विचारलं.

"मला? आईनं कधी हात लावू दिलाय का? कपाटाच्या फटीतून दिसायचा तेवढाच."

तिघं उरले. नट खुर्चीत होता. मास्तर आणि मामा, घारबाईनं मनात म्हटलं, आणि दोघांपैकी कोणाचंही नाव पुढे गेलेलं तिला नको होतं.

३

मास्तर तसेच बसले होते. समोरचा चहा निवून गेला होता.

"सकाळपासून इथे कोण कोण आलं, नीट आठवा."

"कोणी नाही हो. मी आणि माझी इस्त्री."

"सुट्टीत?"

"जेवलो, नळावर हात धुवायला गेलो, एकाशी जरा गप्पा मारल्या. आलो आणि कपाटाला कुलूप लावलं. मोजायला हवे होते, नाही मोजले."

"म्हणजे गेलात तेव्हा कपाट उघडं होतं!"

"मग? खोली रिकामी टाकून मी कधी जात नाही," मास्तर जरा दुखावून म्हणाले.

घारबाई यावर काहीतरी विचारणार होती, पण तिचं लक्ष दुसरीकडे गेलं. तिनं एक नकली कोट उलटा करून टेबलावर पसरला होता. पाठीवर खांद्याच्या खाली फाटलेलं, आणि ते जाड टाक्यांनी ओबडधोबड शिवलेलं. मास्तरांनी टाका न् टाका उतरवला होता. आतल्या बाजूनं त्या टाक्यांमध्ये तांबड्या लोकरीचे तंतू अडकलेले होते.

"ही लोकर कुठली, मास्तर?"

"खऱ्यात होती. दोऱ्याबरोबर आत ओढली गेलेली. नक्कल करायची तर नीट करावी. मी काकूंना म्हटलं, थोडी लोकर मिळेल का हो? दुसऱ्या दिवशी गुंडा घेऊन आल्या. अगदी तीच!"

"कशाला हवी, काही विचारलं नाही?"

"नाही बुवा. रंगसुद्धा विचारला नाही."

घारबाईनं खुर्ची ओढली. एव्हाना तिच्या मनात तिचं रोजचं काम आपोआप सुरू झालं होतं. आधी काय, मग काय, मग काय.

मामानं आजवर सगळ्यांना सांगितलेली हकीकत अशी. दाजी कड्यावरून घसरला आणि पडल्या जागी गेला. मामानं त्याचा कोट काढून अंगात घातला. आतला स्वेटर, काकूंनी विणलेला तांबडा, तसाच दाजीच्या अंगावर राहू दिला. पुढे काही दिवसांनी एका झाडाच्या खोडानं कोट पाठीत फाटला, आणि मामानं गुहेत बसून तो मासे धरायच्या गळाच्या दोऱ्यानं शिवला. सिनेमात हे सगळं असंच होतं. आधी मरण, मग फाटणं, मग शिवणं.

मग तांबडी लोकर टाक्यात आली कशी? स्वेटर तर मागे राहिला होता, दाजीच्या अंगावर.

तिनं क्रम उलटापालटा करून पाहिला. जुळत नव्हतं. एकाच पद्धतीनं जुळत होतं. कोट शिवला तेव्हा तो स्वेटरच्या वर होता. म्हणजे आत दाजी होता. आणि मेलेल्या माणसाच्या अंगावरचा कोट कोणी शिवत बसत नाही.

४

मामा कड्यापाशी होता. कामाला वेळ होता, दिवे बंद होते. दाजी जिथे पडतो त्या कपारीशेजारी तो मांडी घालून बसला होता आणि रिकाम्या कपारीशी हळू आवाजात बोलत होता.

"उद्याचा दिवस रे. उद्या झालं की संपलं. मग तूही सुटशील, मीही."

घारबाईच्या पायाखाली मीठ कुरकुरलं तसा तो दचकला. पन्नाशीचा माणूस, पण बसण्यात सत्तरीचा थकवा. तिला बघून त्यानं हसण्याचा प्रयत्न केला.

"कोट गेल्याचं कळलं ना?" ती म्हणाली.

"कळलं."

"बरं वाटलं?"

त्यानं चमकून वर पाहिलं. नाही म्हणाला नाही.

"मामा, एक विचारू? दाजी पडले ते लगेचच गेले?"

"लगेच." हे उत्तर इतक्या वेळा दिलेलं होतं की गुळगुळीत झालं होतं. "हूं नाही की चूं नाही. काही त्रास झाला नाही त्याला. ताईलाही मी हेच सांगितलं."

"आणि स्वेटर?"

"तो नाही काढला. तेवढा तरी राहू दे म्हटलं अंगावर." तो उठला. कपडे झटकले, आणि एक शब्द न बोलता चालू लागला. जाता जाता दोनदा मागे वळून कपारीकडे पाहिलं.

"रागावू नका हं त्याच्यावर." लेखिका मागे कधी येऊन उभी राहिली, ते घारबाईला कळलं नव्हतं. "लोकांना तो उर्मट वाटतो. पण मामा निघताना कधीच 'येतो' म्हणत नाही. कोणालाच नाही. लहानपणी मी दार अडवून उभी राहायचे, 'येतो म्हण, मगच सोडते.' घामाघूम व्हायचा, पण म्हणायचा नाही. एकदा तर चक्क रडला. आईनं मला धपाटा घातला, आणि मग स्वतःच आत जाऊन बसली."

घारबाई मामा गेला त्या दिशेला बघत राहिली. आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. लेकरूसुद्धा 'येतो' म्हणून निघतं. हा माणूस तो शब्द तोंडातून काढायला घाबरत होता. कोणाला तरी, कुठेतरी, एकदा 'येतो' म्हणून निघालेला माणूस असा घाबरतो.

"पोरी," ती लेखिकेला म्हणाली, "तुझा सिनेमा..." आणि थांबली. कसं सांगायचं असतं असलं?

तेवढ्यात कड्याच्या मागून पावलं वाजली. मामा परत आला होता. चेहरा पांढराफटक.

"मास्तरांना सोडा," तो म्हणाला. "कोट मी चोरला."

५

हे ऐकून दिवे लावायला आलेला एकजण मॅनेजरला बोलवायला धावणार होता, पण घारबाईनं नुसतं बोट दाखवून त्याला जागच्या जागी बसवलं. कपडेपटाचं दार लावून घेतलं. आत चौघंच, ती, मामा, लेखिका आणि मास्तर.

"कसा नेलात?" तिनं विचारलं.

"पिशवीत कोंबून."

"कुठे आहे?"

"जाळला."

"मामा, तुम्हाला खोटं नीट बोलता येत नाही. एकच तेवढं पाठ केलंय तुम्ही, त्यावर नंतर येऊ." ती इस्त्रीच्या टेबलाला टेकली. "चौकीदारानं कोट पाठीवर पाहिला, पिशवीत नाही. कोट कसा गेला, हेच तुम्हाला ठाऊक नाही. मग तुम्ही कोणाला पाठीशी घालताय?"

मामानं नकळत भाचीकडे पाहिलं.

"मी?" लेखिका ओरडली. "मला वाटलं तू! उद्याचा शॉट तुला बघवणार नाही, म्हणून तू..."

"घ्या!" मास्तर इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलले. "दोघांनी मिळून मला फासावर चढवलं असतं."

"आता माझं ऐका," घारबाई म्हणाली. "ज्यानं कोट नेला, त्याला चिंधीवाचून खरा कोट ओळखता आला. असे तिघं आहेत असं मी धरून चालले होते. पण मास्तर, तुम्ही म्हणालात, इथे कोणी आलं नाही. आणि लगेच म्हणालात, खोली रिकामी टाकून मी जात नाही. तुम्ही नळावर गेलात तेव्हा खोलीत कोण होतं?"

"कोण असणार? काकू होत्या. बटणं लावत होत्या. पण त्या काय, त्या रोजच असतात!"

"तेच म्हणते मी. इतकं घरचं माणूस, की तुम्ही मोजलं नाहीत. मीही नाही मोजलं." तिला स्वतःचाच राग आला होता. "कोट हातात घेऊन बाहेर पडलं तर कोणीही हटकेल. अंगात घालून, टोपी ओढून निघालं, तर सिनेमाच्या सेटवर कोण विचारतंय? भूतबीत काही नाही. खाली साडी दिसली असती, पण भीतीनं चौकीदारानं कमरेखाली पाहिलंच नाही. हळू चालल्या, कारण काकू हळूच चालतात. हाक मारल्यावर थांबल्या, पण तोंड दाखवणं शक्य नव्हतं."

"आईनं?" लेखिकेला हसू येईना आणि रडू येईना. "तिचाच कोट आहे तो! मागितला असता तर आपण दिला नसता का?"

"मागितला असता तर का, ते सांगावं लागलं असतं. मास्तरांनी लोकर मागितली, तर त्यांनी रंग विचारला नाही. कारण त्या टाक्यांत कुठली लोकर आहे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. ती त्यांनीच विणलेली आहे." घारबाई मामाकडे वळली. तिचा आवाज आता खाली आला होता. "कधीपासून ठाऊक आहे, ते मला माहीत नाही. आणि त्या लोकरीचा अर्थ मी सांगायचा नाही. तो तुम्ही सांगायचा. मला नव्हे, त्यांना."

मामानं कपाटाची कड घट्ट धरली होती.

६

काकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार नुसतं लोटलेलं होतं. ऊन उतरलं होतं आणि खिडकीजवळच्या टेबलावर कोट उलटा पसरलेला होता, पाठ वर करून. काकू त्याच्याशेजारी बसल्या होत्या. घारबाई, मामा आणि लेखिकेला बघून उठल्या नाहीत.

"या," त्या म्हणाल्या. "मास्तरांना काही बोललं का कोणी? त्यांचे मी पाय धरीन. मला दुसरं काही सुचलं नाही."

"मास्तर सुटले, मॅनेजरला सांगूनच निघालो," घारबाई म्हणाली. तिला आता इथून जावंसं वाटत होतं. पण लेखिकेनं तिचा हात सोडला नाही.

"बस," काकू भावाला म्हणाल्या. तो बसला नाही.

"हा कोट परत आला ना, त्याच आठवड्यात मी तो धुवायला काढला आणि उलटा केला. माझीच लोकर. मला नाही कळणार? धुतला नाही मग. तसाच घडी घालून ठेवला. म्हटलं, लहान आहे हा, घाबरलाय, आज ना उद्या आपणहून सांगेल. तू दर आठवड्याला यायचास. या खुर्चीत बसायचास. पोरीचा अभ्यास घ्यायचास. आणि मी रोज वाट बघायचे." त्यांचा आवाज कुठेच चढत नव्हता. "सिनेमाला दिला तो मुद्दाम दिला. म्हटलं, रोज डोळ्यांसमोर असला म्हणजे तरी तोंड उघडशील. आणि आज सकाळी मी बटणं लावत बसलेय, आणि भिंतीपलीकडे तू त्या नटाला शिकवतोयस. पडायचं कसं, आणि लगेच मरायचं कसं. 'हूं नाही की चूं नाही,' म्हणालास. तेव्हाच ठरवलं, आणि सुट्टीत मास्तर नळावर गेले तशी उठले. त्याच्या अंगातल्या कोटात खोटं मरण मला नको."

मामा भिंतीला टेकून खाली बसला. एवढा मोठा माणूस, पण लहान मुलासारखे गुडघे छातीशी घेतले.

"तो पडला तेव्हा पाठ फाटली, कोटाची आणि त्याचीही," तो म्हणाला. "हात वर होत नव्हता, म्हणून कोट काढता येईना. वारा आत शिरत होता. मी तसाच अंगावर शिवला. मला म्हणाला, 'तुझ्या ताईनं पाहिलं तर टाके उसवायला लावील.' बोलत होता, ताई. दोन रात्री बोलत होता. मग म्हणाला, दोघं इथे बसून मरण्यापेक्षा तू खाली जा, माणसं घेऊन ये. कोट त्यानंच दिला. बाही काढताना ओरडला, तरी काढला. मी नको म्हणत होतो."

"मग?"

"मग मी म्हटलं, येतो."

खालच्या रस्त्यावरून एक सायकल घंटा वाजवत गेली.

"वाट चुकलो. किती भटकलो, माहीत नाही. लाकूडतोड्यांना सापडलो. त्यांनी विचारलं, 'वर आणखी कोणी आहे का?'" त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "हो म्हटलं असतं, तर वाट दाखवायला मला परत वर नेलं असतं. मला परत वर जायचं नव्हतं ताई. मला झोपायचं होतं. मी म्हटलं, नाही. मेला तो. पडला तेव्हाच मेला. आणि झोपलो. उठलो तेव्हा तुला कळवून झालं होतं. शोधायला निघालेली माणसं परत फिरली होती."

"तो तेव्हा..." लेखिकेला पुढचा शब्द उच्चारवेना.

"माहीत नाही पोरी. कोट नव्हता त्याच्या अंगात. बर्फ पडत होता. नसेलच. असं मी रोज स्वतःला सांगतो, नसेलच. पण माहीत नाही."

घारबाईनं आयुष्यभर विस्कटलेल्या गोष्टी जुळवल्या होत्या. ही जुळली होती, आणि तिला वाटलं, न जुळती तर बरं झालं असतं.

काकू बराच वेळ कोटाच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "माझ्यासाठी काही म्हणाला?"

मामानं मान खाली घातली.

"दोन रात्री बोलत होता म्हणतोस. माझ्यासाठी काही म्हणाला की नाही?"

"म्हणाला." त्यानं मान वर केली. "तुला सांगितलं असतं, तर तो लगेच गेला नाही हे कळलं असतं ना, म्हणून मी... म्हणाला, तिला सांग, दुसरं लग्न कर. लोकांचं ऐकू नको म्हणावं. आणि म्हणाला, या वेळी डोंगर चढणारा नको. पंख्याखाली खुर्चीत बसणारा बघ. हसत होता, ताई. हसताना दुखत होतं त्याला, तरी हसत होता."

काकूही हसल्या. लेखिकेनं आईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि ते हसणं कुठे संपलं आणि कुठून रडणं सुरू झालं, ते कोणाला कळलं नाही. पदरानं त्यांनी तोंड पुसलं.

"आला होता रे एक," त्या म्हणाल्या. "पोस्टात होता. दोनदा विचारलं त्यानं. चांगला होता माणूस."

"पोस्टातले काका?" लेखिका म्हणाली. "मला तिकिटं आणून द्यायचे, ते?"

"तेच. मी नाही म्हटलं. म्हटलं, ज्याला जाताना एक शब्दसुद्धा बोलता आला नाही, त्याला न विचारता मी कसं करू?"

मामा गुडघ्यावर सरकत पुढे आला आणि त्यानं बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. काकूंनी पाय मागे घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. खिडकीतलं ऊन गेलं, खोली अंधारायला लागली, तरी दिवा लावायला कोणी उठलं नाही.

"ऊठ," शेवटी त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग. तो पडला तिथपासून. काय बोलला, कसं बोलला, सगळं सांग. मला काहीएक गाळलेलं चालणार नाही."